वसईची सहल : आजची आणि तीनशें वर्षांपूर्वींची

इसवी सन १६९५ च्या आरंभीं जेमेल्ली कारेरी नांवाचा एक इटालियन प्रवासी वसईस येऊन उतरला. हा नेपल्सकडील कायदेपंडित. जगाची प्रदक्षिणा करण्यास केवळ हौसेनें निघालेला. त्या काळीं वसई हें पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाचें मुख्य ठाणें होतें. दगडी तट, देवालयांचे उंच मनोरे, खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांची पातळ तावदानें बसविलेले दुमजली वाडे, असा त्या शहराचा थाट होता. परंतु कारेरीला शहराचा उत्तरेकडील सुमारें तिसरा हिस्सा ओस पडलेला दिसला. सांथीच्या रोगानें तेथें कित्येक वर्षें ठाण मांडलें होतें. ज्यांच्याजवळ पैसा होता ते उमराव उन्हाळा आला कीं तटाबाहेरच्या बागाइतींत बांधलेल्या आपल्या विलासगृहांत राहावयास जात. केळी, आंबे, माड आणि ऊंस यांनीं भरलेली ही बागाईत पंधरा मैलपर्यंत पसरली आहे, असें कारेरीनें लिहून ठेवलें आहे.

हवापालटासाठीं वसईच्या वाडींत जाऊन राहण्याची कल्पना आगगाडीनें आणली असें पुष्कळांस वाटतें. तिचें वय त्याहून किती अधिक आहे, हें यावरून दिसून येईल.

कारेरीनें आणखी एक गोष्ट नेमकी टिपली. ह्या बागा बारा महिने हिरव्या राहतात त्या पाणी उपसण्याच्या यंत्रांमुळें, आणि त्यांत राबणारे लोक हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती शेतकरी आहेत, असें तो सांगतो. हें यंत्र म्हणजे वसईकरांचा रहाट. विहिरीवर लांकडी चाक, चाकावर मडक्यांची माळ, आणि बैल किंवा रेडा गोल गोल फिरत असलेला. उमरावांना जो गारवा मिळे, तो ह्या फेऱ्यांतून निघालेला असे. सहलीच्या इतिहासांत गारव्याचें वर्णन नेहमीं येतें. रहाट हांकणाऱ्याचें क्वचितच. नेपल्सच्या ह्या वकिलाच्या लक्षांत तो राहिला, हें विशेष होय.

वसईची जमीन ही समुद्र आणि खाडी यांच्या मधली आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र. पावसाचें पाणी वाळूच्या थरांत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याची जणूं साय धरते. बेतानें उपसलें तर विहीर गोडी राहते; अधिक उपसलें कीं खारें पाणी वर चढतें. ही गोष्ट वाडवळ, कुपारी, सामवेदी आदि बागाइतदारांना पुस्तकाशिवाय ठाऊक होती. म्हणून त्यांनीं विहिरींच्या जोडीला वाड्यांमधून उथळ तळीं खोदून ठेवलीं. त्यांना वसईंत बावखळ म्हणतात. पावसाळ्यांत बावखळांत पाणी सांठतें, जमिनींत झिरपतें आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळाभर पुरतें. पाहुण्यास बावखळ म्हणजे केवळ शेवाळलेलें डबकें वाटेल. परंतु वसईची पानवेल, केळ आणि फुलशेती ह्या डबक्याच्या जिवावर उभी राहिली.

वसई पोर्तुगीजांच्या हातीं कशी आली, तें थोडक्यांत सांगतां येईल. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याला एकीकडून मोंगल हुमायूनचें भय होतें. पोर्तुगीजांना शांत ठेवण्यासाठीं त्यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह करून वसई व तिच्या भोंवतालचा प्रदेश त्यांस देऊन टाकला. पुढें दोनशेंहून अधिक वर्षें त्यांचा अंमल चालला. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें तटाखालीं सुरुंग पेरून बुरूज उडविले आणि १६ मे रोजीं किल्ल्यानें शरणागतीच्या अटी मान्य केल्या. शत्रूच्या शिबंदीस शस्त्रांसह व सन्मानानें बाहेर पडूं द्यावें आणि जे रयत मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, ह्या त्यांतील दोन अटी. त्यांपैकीं दुसऱ्या अटीचें फळ वसईच्या गांवांगांवांतून आजहि दृष्टीस पडतें. किल्ल्यांतील देवालयें ओस पडलीं, पण बाहेरचीं गांवें नांदत राहिलीं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील आणि मेणवलीच्या घाटावरील प्रचंड घंटा ह्याच मोहिमेंतून तिकडे गेल्या असें मानतात. तेव्हां ज्यांनीं नाशिकास ती घंटा पाहिली आहे, त्यांची वसईशीं निम्मी ओळख आधींच झालेली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इंग्रजांनीं १७८० च्या डिसेंबरांत किल्ला घेतला, सालबाईच्या तहानें १७८२ त तो परत दिला, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानें ह्याच वसईंत जो तह केला, त्यानें पेशवाईचा कणाच मोडला. त्यानंतर किल्ल्याचें लष्करी महत्त्व संपलें. तटावर पिंपळ उगवले, आणि वसई पाहण्याची जागा झाली.

पाहणाऱ्यांस आणणारी आगगाडी मात्र मुळांत त्यांच्यासाठीं धांवत नव्हती. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची वाट वसईच्या खाडीवर पूल बांधून १८६४ सालीं मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत पोहोंचली. मग १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक लोकल सुरू झाली. ती सकाळीं पावणेसातच्या सुमारास विरारहून निघे आणि संध्याकाळीं साडेपांचला मुंबईहून परत फिरे. ही वेळ कोणाच्या सोयीची होती तें उघड आहे. इंग्लंडांत १८४१ सालीं लंडनहून ब्रायटनपर्यंत रेल्वे झाली, तेव्हां शहरांतले लोक तिनें समुद्रकांठीं लोटले. विरारची ही पहिली गाडी उलट समुद्रकांठच्या माणसाला शहरांत नेऊन आणीत असे. मुंबईकरानें त्याच गाडीचा भरंवसा धरला असता, तर तो वसईस रात्रीं पोहोंचला असता. १९३६ सालीं विजेच्या गाड्या विरारपर्यंत धांवूं लागल्या, आणि मग एका दिवसांत जाऊन येणें सोपें झालें.

ह्या दोहोंच्या मधल्या काळांत वसईच्या जिज्ञासूंना एक उत्तम मार्गदर्शक मिळाला. मूळचे गोव्याचे व मुंबईंत वैद्यकी करणारे डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला. पडक्या भिंतींमधून कोणतें देवालय कोणत्या पंथाचें, कोणत्या दगडावर कोणाचें नांव, हें त्यांनीं परिश्रमानें लावून दाखविलें. किल्ल्यांत जाण्यापूर्वीं त्याचीं चार पानें जरी चाळलीं, तरी भग्न भिंती बोलूं लागतात. न चाळतां गेल्यास छायाचित्रापुरतीच त्यांची किंमत राहते.

आतां एका दिवसाचा बेत. वसई रोड स्टेशनपासून किल्ला सुमारें पांच मैल आहे. सकाळच्या गाडीनें यावें आणि ऊन चढण्यापूर्वीं जमिनीकडील दरवाजानें आंत शिरावें. समुद्राकडील दरवाजाशीं पोहोंचेपर्यंत दोन तास सहज जातात. सेंट जोसेफच्या देवालयाचा मनोरा, फ्रान्सिस्कन लोकांच्या देवालयांतील जमिनीवरचे थडग्यांचे दगड आणि चिमाजी अप्पांचें स्मारक, एवढें तरी चुकवूं नये. समुद्राच्या दरवाजाबाहेर कोळ्यांची वस्ती आहे. ती प्रेक्षणीय स्थळ नव्हे, लोकांचें घर आहे, हें सहलीच्या उत्साहांत विसरणारे पुष्कळ असतात.

ह्याच दिवसांत अर्नाळाहि उरकूं, असा मोह होतो. तो टाळावा. मराठ्यांनीं १७३७ सालीं घेऊन पुन्हा बांधलेला हा किल्ला बेटावर असून होडीनें जावें लागतें. त्याला विरारच्या बाजूनें निराळा दिवस हवा. त्या दिवशीं वाटेंत नाला सोपारा घ्यावें. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं खोदविला आणि तो बौद्ध स्तूप निघाला. दगडी करंडक, त्यांत एकांत एक ठेवलेल्या डब्या आणि आठ लहान बुद्धमूर्ति असा ऐवज त्यांतून बाहेर आला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाहि त्याच वर्षीं सोपाऱ्यास सांपडला, व नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं मिळाला. म्हणजे पोर्तुगीज ह्या किनाऱ्यावर आले तेव्हां तो जुनाच झाला होता. कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास निर्मळची जत्रा असते; गर्दीचा कंटाळा नसेल त्यानें तो मुहूर्त साधावा.

कारेरीनें पाहिलेली पंधरा मैलांची बागाईत मात्र आतां तशी शोधूं नये. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. त्याच्या कितीतरी आधीं, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, हिरवा पट्टा इमारतींसाठीं मोकळा करण्याविरुद्ध आणि बागाइतींतील विहिरींचें पाणी टँकरनें उपसून नेण्याविरुद्ध "हरित वसई" नांवाची चळवळ येथें उभी राहिली होती. तिच्यांत पुढें असलेले लोक रहाट हांकणाऱ्यांचेच वंशज होते. उपसा वाढला कीं विहीर खारी होते, हें त्यांना आजोबांनीं सांगितलेलें होतें. तरीहि कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या, कित्येक बावखळें भरावाखालीं गेलीं. कांहीं उरलीं आहेत. किल्ल्याहून परततांना आडवाटेनें गासकडे किंवा भुईगांवाकडे वळलें तर माडांच्या सांवलींत एखादें दृष्टीस पडतें.

२०२४ सालापासून भाईंदरहून वसईस खाडीवरून वाहनांसह नेणारी बोट चालूं झाली आहे. कारेरी कान्हेरीचीं लेणीं पाहण्यास साष्टींत गेला, तेव्हां त्यालाहि हीच खाडी ओलांडावी लागली होती. गाडीची गर्दी नको असलेल्यानें निदान एका बाजूचा प्रवास ह्या बोटीनें करावा. पाण्यावरून किल्ल्याचा तट कसा दिसतो, तें रस्त्यानें येणारास कळत नाहीं.

आणि घरीं नेण्यास सुकेळीं. राजेळी केळीं पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हांत वाळवून हीं करतात. वाळत घातल्यावर रोज उलटावीं लागतात आणि संध्याकाळीं दंव पडण्यापूर्वीं आंत घ्यावीं लागतात. करणारीं घरें थोडीं उरलीं आहेत. पाऊस पूर्ण सरल्यावांचून हें काम होत नाहीं, म्हणून दिवाळीपूर्वीं गेल्यास मिळण्याची आशा धरूं नये.