सीमेन्सच्या चार कुंड्या

दिव्याखाली रोपे वाढवायची म्हटले की लोकांना ते कालपरवाचे खूळ वाटते. मोबाईलवर जांभळ्या दिव्यांचे फोटो पाहून तसे वाटणारच. पण या खुळाला दीडशे वर्षे होत आली.

मार्च 1880 मध्ये विल्यम सीमेन्स यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध वाचला. हे तेच घराणे, ज्याने लंडन-तेहरान तारेची लाइन उभारली आणि 1870 पासून कलकत्त्याला थेट संदेश जाऊ लागले. सीमेन्स यांनी मोहरी, गाजर, काकडी, खरबूज असे लवकर उगवणारे बी कुंड्यांत पेरून चार गट केले. पहिला पूर्ण अंधारात, दुसरा फक्त विजेच्या दिव्याखाली, तिसरा फक्त दिवसाच्या उजेडात, आणि चौथ्याला दिवसा उजेड, रात्री दिवा. अंधारातली रोपे पिवळी पडून मेली. दिव्याखालची हिरवी झाली. चौथा गट सर्वांत जोमदार निघाला. बी.एड.ला प्रयोगाच्या नियोजनावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. या चार कुंड्यांत ते सगळे येते.

दिवा मात्र श्रीमंताचा. दोन कार्बनच्या कांड्यांमधली झगझगीत ज्योत, आणि ती पेटवायला इंजिन! उघड्या ज्योतीने पाने करपत. मध्ये साधी काच लावली की करपणे थांबे. अतिनील किरणे काचेत अडतात, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडे असा विषय निघाला की कोणीतरी लगेच अंदलुसला जाऊन पोहोचतो. सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांचा 12व्या शतकातला 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठाच ग्रंथ आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण विजेचा दिवा त्यात शोधू नये.

सीमेन्स यांचा एक निष्कर्ष मात्र टिकला नाही. झाडांना रात्रीच्या विश्रांतीची गरज नाही, असे त्यांना वाटले. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दाखवले की कित्येक झाडांचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते. टोमॅटोला तर चोवीस तास उजेड दिला तर पाने पिवळी पडतात. म्हणून दिवा रात्री बंद करायचा.

इंजिनापासून आपल्या खिशापर्यंत हा दिवा आला तो निळ्या एलईडीमुळे. तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. बाजारातली पांढरी एलईडी ट्यूब म्हणजे बहुधा निळा दिवाच, वरून पिवळसर लेप दिलेला. त्यामुळे तिच्यात रोपाला लागणारा निळा आणि लाल दोन्ही उजेड असतो. महागडा जांभळा दिवा घ्यायची गरज नाही.

सातवीच्या मुलांनी फळांचा खोका घेतला, आतून चांदीचा कागद चिकटवला आणि 20 वॅटच्या दोन ट्यूब रोपांपासून वीतभरापेक्षा कमी उंचीवर टांगल्या. दिवा लांब गेला की रोपे उंच, लुळी होतात. रोज पंधरा तास चालवले तर 0.6 युनिट वीज लागते.

सीमेन्स यांचे चार गट फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे दिवसापण ट्यूब लागते. मग तिसरी न् चौथी कुंडी कशी करायची?" आमच्या मुंब्र्यात दोन इमारतींच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. तिला दुसऱ्या गटातली कुंडी दिली, मिरचीची. आईने ती शिलाई मशीनवरच्या ट्यूबखाली ठेवली आहे. काल चौथे पान आले.