सिंदफणेची चढण

माजलगाव धरणाच्या भिंतीवर तुम्ही उभे आहात. हातातल्या मोबाइलवर आजचा पाणीसाठा दलघमीत दिसतोय, टक्केवारीही दिसतेय. या पाण्यात कोणकोणते मासे आहेत, कुठल्या काठाला काय उगवतं, कुठल्या डोहात उन्हाळाभर जीव तग धरतात, हे मात्र त्या पडद्यावर नाही. त्यासाठी मागे जावं लागेल. चांगलं सातशे वर्षं मागे.

भिंत नाहीशी होते. पायाखाली काळी, चिकट माती येते आणि चपला तिथेच रुतून बसतात. शके 1232, सन 1310. मृगाचा पाऊस नुकताच कोसळून गेलाय. तुम्ही मंजरथच्या संगमावर आहात. समोर गढूळ गोदावरी, आणि बालाघाटाच्या डोंगरातून निघालेली सिंदफणा इथे तिला येऊन मिळते. गुडघाभर पाण्यात एक भोई उभा आहे, खांद्यावर जाळं. तो तुम्हाला खुणेनं थांबवतो.

"हलू नका. येतेत आता."

पोटऱ्यांना काहीतरी धडकतं. मग आणखी एक. चढणीचे मासे! नव्या पाण्याचा वास लागला की अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला निघालेले. कुठल्या रात्रीच्या पावसानंतर कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी ते लोटतात, हे या माणसाला पाठ आहे. महिन्याभरानं श्रावणात परत डोकावलंत तर तो तुम्हाला तुंबलेल्या पाण्याच्या कडेला नेतो आणि बोट दाखवतो. पृष्ठभागाशी लालसर पिल्लांचा एक झुबका हलतोय, आणि त्याच्या खाली काळसर, जाड सावली. मरळ. आई-बाप दोघं पिल्लं राखतात. त्यांना आत्ता उचललं तर पिल्लं कोण राखणार, एवढंच तो म्हणतो आणि जाळं न टाकता पुढं जातो.

याच वर्षी भाद्रपदात देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आपल्या पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाला इथला अग्रहार देतो. त्या दानाचा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट पुढे वा. वि. मिराशींनी वाचून संपादला, म्हणून आपल्याला दान देणारा, घेणारा आणि तिथीसुद्धा ठाऊक आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथल्या पुरुषोत्तमाच्या दर्शनाला गर्दी लोटते. त्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत काय कालवलं, भट्टी कशी लावली, म्हणजे एवढी हलकी, सच्छिद्र वीट भाजून निघाली? ताम्रपटात ते नाही. मरळीची पिल्लं राखणारा भोईही त्यात नाही. आपल्या मुलखाच्या इतिहासात मला सर्वांत जास्त हेच खुपतं. जमीन कोणाला दिली ते तांब्यावर कोरलं, आणि हातांना जे कळत होतं ते त्या हातांबरोबर गेलं.

आता 1987. भिंत पुन्हा उभी राहिलीय, नवीकोरी. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा. पैठणचा उजवा कालवा 132 किलोमीटर चालत येऊन याच जलाशयात पाणी टाकतो. उपयुक्त साठा सुमारे 312 दलघमी. 1972च्या दुष्काळात ज्यांनी रस्त्यावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढले, ती माणसं हे पाणी बघायला येतात आणि बराच वेळ काठावरून हलत नाहीत. या धरणानं घरात दोन वेळची चूल पेटवली, हे विसरून चालणार नाही.

पण भिंतीच्या खालच्या बाजूला उतरा. मृगाचा पाऊस झालाय आणि मासे चढणीला निघालेत. वर वाट नाही. धरणाचा हिशेब पाण्याचा झाला, सिंचनाचा झाला. काठावरच्या भोयाला कोणी काही विचारलं नाही. माशांची तूट भरून काढायला विज्ञान होतंच. ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यात प्रजनन घडवून दाखवलं होतं. देशभरातल्या धरणांत सोडलं जाणारं मत्स्यबीज त्या प्रयोगातून आलं. फार मोठं काम. फक्त त्यातून कटला, रोहू, मृगळ यांचीच भरती होत राहिली. वाम, मरळ आणि बोटाएवढ्या देशी माशांसाठी कुणी हंडा भरून बीज आणत नाही.

2016चा एप्रिल. उपयुक्त साठा शून्य. तुम्ही जलाशयाच्या तळावरून चालताय, भेगांत अख्खं पाऊल जातंय. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी चाललंय. अशा कोरड्या तळात माजलगावकरांना गाळपेर दिसते, किंवा गाळ काढून शेतात टाकायचा ट्रॅक्टर दिसतो. भंडारा-गोंदियातल्या मासेमार ढीवरांना त्यात आणखी काही दिसतं, ते बघायला तिकडे चला.

तिकडचे माजी मालगुजारी तलाव कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी बांधले. त्यांत बेशरम ही तणवनस्पती माजली, तळ निर्जीव झाले, देशी मासे कमी झाले. मनीष राजनकर आणि सोबतचे अभ्यासक ढीवर बुजुर्गांजवळ बसले, तेव्हा कळलं की हे लोक माशाआधी वनस्पती ओळखतात. देवधान कुठे हवं, चिला कुठे, गाद किती खोलीवर. कोणता मासा कशाला अंडी चिकटवतो, कुठे लपतो, काय खातो. ते ज्ञान शास्त्रीय नावांसह नोंदवलं गेलं. मग शालू कोल्हे यांच्यासारख्या बाया पुढे झाल्या. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, बेशरम मुळासकट उपटली, पाणी आल्यावर चिखलात उभं राहून देशी पाणवनस्पती रोवल्या. धानाची रोवणी करणारे तेच हात. मासे आले, पक्षी आले.

एक उडी समुद्रापार घ्या. उत्तर ऑस्ट्रेलियातलं काकाडू. तिथल्या पाणथळीत गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेलं आफ्रिकी पॅरा गवत माजलं आणि मॅगपाय गूज पक्ष्यांना खायला-बसायला जागा उरली नाही. तिथले मूळ रहिवासी बिनिंज लोक, सीएसआयआरओ ही विज्ञानसंस्था आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ड्रोनचे फोटो वाचणारी संगणकप्रणाली तयार केली. ती गवत ओळखते, पक्षी मोजते. ड्रोन कुठे उडवायचा आणि कुठे नाही, कोणत्या ऋतूत काय बघायचं, हे बिनिंज वडीलधारी माणसं ठरवतात. यंत्राला काय बघायचं ते त्यांनी शिकवलं. मला ही व्यवस्था भंडाऱ्याची सख्खी बहीण वाटते.

लोकांचं असं ज्ञान नोंदवायला आपल्याकडे जैवविविधता कायदा आहे, 2002चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना आयुष्यभर लावून धरली. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी 2020ची मुदत घातली आणि ठिकठिकाणी नोंदवह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत मरळीची पिल्लं येत नाहीत.

म्हणून शेवटचा टप्पा पुढच्या जूनमध्ये. ही ग्रामसभा अजून झालेली नाही, पण व्हायला हवी. समाजमंदिरात वायर ओढून लॅपटॉप मांडलाय, पडद्यावर गेल्या हिवाळ्यातला जलाशयाच्या काठाचा ड्रोन-फोटो. कृषी पदवीचा एक विद्यार्थी हिरव्या पट्ट्यावर ‘शेवाळ’ असं लिहितोय. मागून एक भोईण उठते, पदर खोचून पडद्याजवळ जाते.

"सगळं एकच लिहू नको, लेकरा. हे वरचं तरंगतं, ह्याचा काही उपयोग नाही. हे खालचं काळपट दिसतंय ना, ह्यात वाम असते."

"मावशी, दोन्ही वेगवेगळं कसं ओळखायचं? परत ड्रोन उडवू का आता?"

"आता पाणी गढूळ. हस्त सरू दे. गाळ बसल्यावर उडव, तळ दिसंल तुला."

पोरगा ‘शेवाळ’ खोडतो, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यावर खूण करतो आणि विचारतो, "आणि उन्हाळ्यात वाम कुठल्या डोहात जाते?"