गृहभेटींचा विस्तार आणि बुलढाणा जिल्हा

महाराष्ट्र शासनाने 2005 साली माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू करताना त्याला राजमाता जिजाऊंचे नाव दिले आणि त्यांचे जन्मस्थान असलेले बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा बालसंगोपनाच्या सार्वजनिक विचाराशी जोडले गेले. पालकशिक्षण, म्हणजे मुलाच्या वाढीचे ज्ञान घरातील माणसांपर्यंत पद्धतशीरपणे पोहोचवणे, ही परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या नूतन बालशिक्षण संघाने 1926 पासून शिक्षित पालकांना हाताशी धरले. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीत काम आरंभले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा मार्ग त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह धरला आणि त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली.

एका ठिकाणी यशस्वी झालेले काम दुसरीकडे टिकते का, या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने शोध गडचिरोलीत घेतला गेला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे आणि आईला ती शिकवण्याचे प्रशिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत तडक देशभर न नेता, 'अंकुर' प्रकल्पाद्वारे राज्यातील सात ठिकाणी, ग्रामीण व आदिवासी गावांत तशीच शहरी झोपडपट्ट्यांतही, तपासली गेली. विस्ताराच्या इतिहासात हा मधला टप्पा सर्वांत मोलाचा मानावा लागेल, कारण घाईत तोच प्रथम वगळला जातो. 2011 पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाल्या आणि 2018 मध्ये त्या पंधराव्या महिन्यापर्यंत वाढवून आहाराबरोबर बाळाशी खेळणे-बोलणे हाही त्यांचा विषय करण्यात आला.

बुलढाण्यात अशा मधल्या टप्प्याची निकड विशेष आहे. 2011 च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ 855 मुली होत्या. म्हणून 2015 च्या 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत या जिल्ह्याचा समावेश झाला. जिजाऊंच्या जिल्ह्यात ही संख्या अत्यंत वेदनादायक आहे. दुसरीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद परिसरात निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा बोलली जाते, त्यामुळे केवळ प्रमाण मराठीत छापलेली पुस्तिका तेथील आजीपर्यंत पोहोचत नाही. एकाच जिल्ह्यात सेविकेला एका घरी मुलीच्या जन्माच्या स्वागताविषयी, तर दुसऱ्या घरी त्या घरच्या भाषेत बाळाशी बोलण्याविषयी सांगावे लागते, आणि या दोन भेटींची तयारी एकाच प्रशिक्षणातून होऊ शकत नाही.