हैदा लोकांचें दप्तर

लिपि नाहीं तेथें इतिहास नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. कागदपत्र नसलेल्या समाजास ‘प्रागैतिहासिक’ म्हणून आपण सहज मोकळे होतों. ही समजूत कितपत टिकते हें पाहण्यास हैदा लोकांचा वृत्तान्त उपयोगी पडेल.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, पॅसिफिक महासागरांत हैदा ग्वाय नांवाचा द्वीपसमूह आहे. इ. स. १७८७ मध्यें कॅप्टन डिक्सन या इंग्रज व्यापाऱ्यानें आपल्या जहाजाचें ‘क्वीन शार्लट’ हें नांव या बेटांस दिलें. तें २०१० पर्यंत सरकारी नकाशांत राहिलें. हैदा लोक मात्र येथें हजारों वर्षें नांदत आले आहेत. धान्याची शेती त्यांनीं केली नाहीं. हॅलिबट व सामन हे मासे, शिंपले आणि रानफळें यांवर त्यांचा निर्वाह होई. उन्हाळ्यांत मासे सुकवून ठेवावे व हिवाळा गांवांत मेजवान्या आणि समारंभ यांत घालवावा, असा वर्षाचा क्रम असे. घरें, पेट्या, होड्या हें सर्व तांबड्या सीडर वृक्षाच्या लांकडाचें; त्याच्याच सालीच्या चटया व वस्त्रें विणीत. होडीसाठीं एकच खोड कोरून पोकळ करीत, त्यांत पाणी भरून तापलेले दगड सोडीत, आणि वाफेनें लांकूड मऊ झालें म्हणजे आडव्या काठ्या घालून कडा रुंद करीत. अशा होड्यांतून ते दूरवर व्यापारास जात, आणि स्वारीसही जात. स्वारींत धरलेल्यांस गुलाम करीत, हेंही सांगितलें पाहिजे.

सर्व समाजाच्या दोन शाखा, डोमकावळा आणि गरुड. विवाह नेहमीं दुसऱ्या शाखेंत व्हावयाचा. मूल आईच्या शाखेचें, आणि मामाच्या पदाचा वारस भाचा. प्रत्येक कुळाचीं स्वतःचीं चिन्हें, गाणीं व नांवें असत, आणि त्यांवरील हक्क जमिनीवरील किंवा ओढ्यावरील हक्काइतकाच खरा मानला जाई. घरासमोरील उंच कोरीव स्तंभावर हींच चिन्हें दिसत. कित्येक पाद्र्यांस त्या मूर्ति वाटल्या. परंतु त्यांची पूजा कोणी करीत नसे. स्तंभ म्हणजे कुळाची सनद होती.

परंतु सनद स्वतः बोलत नाहीं. कोणतें चिन्ह कोणास कसें मिळालें, हें सांगणारा व ऐकणारा पाहिजे. ती सोय ‘पॉटलॅच’ या समारंभानें होई. एखादा प्रमुख मरण पावला म्हणजे त्याचा वारस स्मारकस्तंभ उभारून मोठी मेजवानी देई. कामाचे श्रम दुसऱ्या शाखेच्या लोकांनीं करावयाचे, आणि त्यांस सर्वांसमक्ष घोंगड्या व इतर संपत्ति वांटावयाची. वारसानें धारण केलेलें नांव पाहुण्यांनीं ऐकलें व दान स्वीकारलें, कीं ते त्या हक्काचे साक्षीदार झाले. वरवर उधळपट्टी दिसणाऱ्या या दानाचें मर्म येथें आहे: देणगी हें साक्षीचें मोल होतें, आणि पाहुण्यांची स्मृति हें दप्तर.

या दप्तरावर दोन आघात झाले. १८६२ मध्यें व्हिक्टोरिया शहरांत देवीची सांथ आली. तेथें तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडील लोकांस अधिकाऱ्यांनीं हांकून दिलें, आणि ते रोग घरीं घेऊन गेले. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. हजारोंच्या वस्तींतून १९१५ च्या सुमारास सहाशेंहून कमी माणसें बेटांवर उरलीं. तीं मॅसेट व स्किडगेट या दोन गांवीं एकत्र झालीं. तशांत १८८४ मध्यें कॅनडाच्या पार्लमेंटानें पॉटलॅचवर बंदी घातली. ती १९५१ पर्यंत टिकली. स्तंभ दूरच्या पदार्थसंग्रहालयांत गेले. कायदा करणाऱ्यांच्या मतें त्यांनीं एक रानटी चाल मोडली. वस्तुतः त्यांनीं एका राष्ट्राचें नोंदणीखातें बंद केलें.

तरीही सर्व नष्ट झालें नाहीं. १९००-०१ मध्यें जॉन स्वॉन्टन या अमेरिकन अभ्यासकानें स्काय व घंडल यांसारख्या कथनकारांच्या तोंडून दीर्घ कथा उतरून घेतल्या. १९६९ मध्यें तरुण शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनीं मॅसेट येथें स्तंभ उभारला, तेव्हां जुन्या विधींच्या आठवणी वृद्धांनीं पुरविल्या. १९८५ मध्यें लायल बेटावरील वृक्षतोड अडवितांना हैदा लोकांनीं अटक पत्करली. १९९३ च्या करारान्वयें दक्षिणेकडील वनप्रदेशाचा कारभार कॅनडा सरकार व हैदा राष्ट्र मिळून पाहूं लागले. आणि २०२४ मध्यें ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें सर्व हैदा ग्वायवर हैदांचें मूळ स्वामित्व मान्य केलें.

हक्क असा परत आला, पण एक काळजी उरतेच. हैदा भाषा आईच्या तोंडून शिकलेलीं माणसें आतां फार थोडीं व वयोवृद्ध आहेत. म्हणून तेथील तरुण ती वृद्धांजवळ बसून शिकत आहेत. स्तंभ कोरण्यास एक वर्ष पुरतें; त्याचा अर्थ सांगणारा साक्षीदार घडण्यास पिढी लागते.