कृतज्ञतेचा सराव

कृतज्ञतेचा सराव म्हणजे आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टी आणि त्या ज्यांच्यामुळे लाभल्या त्या व्यक्ती यांचे ठरावीक काळाने जाणीवपूर्वक स्मरण करण्याची पद्धत होय. वहीत नोंदी करणे आणि उपकारकर्त्याला पत्र लिहून ते स्वतः वाचून दाखवणे ही तिची प्रचलित रूपे आहेत. सकारात्मक मानसशास्त्रात या पद्धतीचा अभ्यास प्रथम मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने झाला. पुढे बचत, उपभोग आणि दान यांविषयीच्या निर्णयांवर तिचा काय परिणाम होतो, हेही तपासले गेले.

कृतज्ञता आणि ऋणभाव

मराठीत 'ऋण' हा शब्द कर्ज आणि उपकार या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वैदिक परंपरेतील देवऋण, ऋषिऋण व पितृऋण या कल्पनांतही उपकाराला फेडीची जोड आहे. मानसशास्त्रज्ञ मात्र या दोन भावना वेगळ्या मानतात. फिलिप वॉटकिन्स व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात, देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी अधिक, तितका ऋणभाव वाढलेला व कृतज्ञता घटलेली दिसली. त्यामुळे 'फेडायचे आहे' या दडपणाखाली केलेल्या नोंदींना या अर्थाने कृतज्ञतेचा सराव म्हणता येत नाही.

मानसिक स्वास्थ्य

रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककुलो यांचा २००३ मधील शोधनिबंध या विषयात पायाभूत समजला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट करून दर आठवड्याला एका गटास कृतज्ञता वाटलेल्या, दुसऱ्यास त्रासदायक, तर तिसऱ्यास केवळ घडून गेलेल्या गोष्टी लिहिण्यास सांगितले. पहिल्या गटाने आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान व्यक्त केले आणि शारीरिक तक्रारी कमी नोंदवल्या. मार्टिन सेलिगमन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की, कृतज्ञतेचे पत्र वाचून दाखवण्याचा परिणाम तत्काळ मोठा असतो, पण लवकर ओसरतो. रोज तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहिण्याचा परिणाम मात्र सहा महिन्यांपर्यंत टिकला. अधिक वेळा लिहिल्याने अधिक लाभ होतोच असे नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही.

आर्थिक निर्णय

उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा आज मिळणारी छोटी रक्कम माणसाला अनेकदा अधिक मोलाची वाटते. बचत न होण्यामागे ही अधीरता हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तिच्यावर उपाय म्हणून सामान्यतः भावना बाजूला ठेवण्याचा सल्ला दिला जातो. डेव्हिड डेस्टेनो, ये ली, लिआ डिकन्स व जेनिफर लर्नर यांनी २०१४ मध्ये या समजुतीलाच आव्हान दिले. सहभागी व्यक्तींना कृतज्ञतेचा, आनंदाचा किंवा सामान्य प्रसंग आठवून लिहिण्यास सांगून नंतर त्यांच्यापुढे पैशांचे पर्याय ठेवण्यात आले. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या ८५ डॉलरवर पाणी सोडण्यासाठी आनंदी व तटस्थ गटांना सरासरी ५५ डॉलर लगेच मिळणे पुरेसे वाटले. कृतज्ञ गटाची अपेक्षा ६३ डॉलरची होती. आनंदी गट तटस्थ गटाइतकाच अधीर राहिला, हा या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग. त्यावरून हा परिणाम केवळ मन प्रसन्न असण्याचा नव्हे, तर कृतज्ञतेचा असल्याचे सूचित होते.

उपभोगवृत्तीविषयीचा एक प्रयोग २०१९ मध्ये अमेरिकेतील किशोरवयीन मुलांवर झाला. दोन आठवडे कृतज्ञतेची वही लिहिलेल्या मुलांनी सहभागाबद्दल मिळालेल्या दहा डॉलरपैकी सरासरी दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम दान केली. इतर मुलांनी निम्म्याहून कमी रक्कम दिली. वही लिहिणाऱ्यांची भौतिक वस्तूंची ओढही घटलेली आढळली.

मर्यादा

प्रयोगशाळेत एकदा केलेली निवड आणि वर्षानुवर्षांची बचत यांत बरेच अंतर आहे. काही मिनिटांच्या लेखनाचा परिणाम पुढील महिन्याच्या घरखर्चात उतरतो का, हे अशा प्रयोगांवरून ठरत नाही. नैराश्य व चिंता यांवरील २७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०२१) या सरावाचा परिणाम अल्प आढळला. त्यामुळे तो उपचारांना पर्याय मानला जात नाही. अपुरे उत्पन्न, सावकारी कर्ज किंवा आजारपणाचा खर्च यांमुळे ज्यांची बचत होत नाही, त्यांची अडचण अधीरतेची नसतेच. अशा व्यक्तींना 'आहे त्यात समाधान माना' असे सांगणे हा या संशोधनाचा विपर्यास ठरतो, कारण वरील प्रयोगांतील कृतज्ञ गटाने कमी रकमेवर समाधान मानले नव्हते, तर अधिक रकमेसाठी थांबण्याची तयारी दाखवली होती.