परमुलखीचा घास

सुट्ट्या लागल्या की आपली मंडळी प्रवासाला निघतात, आणि हल्ली देवळे-लेण्यांच्या बरोबरीने खाण्याचे बेतही आधीच ठरलेले असतात. कोल्हापुरास तांबडा-पांढरा रस्सा, मालवणास माशांचे जेवण, उडुपीस दोसा, हैदराबादेस बिर्याणी. यात गैर काहीच नाही. मात्र हे सुख आगगाडीने आणि खिशातल्या पैशाने मिळवून दिले अशी आपली समजूत असेल, तर ती निम्मीच खरी आहे. परमुलखात जाऊन परक्या हातचे निर्धास्तपणे खाता येणे ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा आली, आणि ती झगडून मिळवावी लागली.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला. १३४२ मध्ये दिल्ली सोडून तो दक्षिणेकडे निघाला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो सांगतो की भात, भाज्या आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न. होनावरच्या सुलतानाकडील जेवणाचे तर त्याने बारकाईने वर्णन केले आहे: तांब्याचे ताट, भात, वर तूप, आणि तोंडी लावायला मिरी, आले, लिंबू व आंबा यांची लोणची. पण मलबारात त्याला दुसरा अनुभव आला. तेथील हिंदू लोक मुसलमान वाटसरूला आपल्या भांड्यांत जेवू देत नसत. मुसलमानांची वस्ती नसेल तेथे ते त्याला रांधून देत, पण वाढीत केळीच्या पानावर. आतिथ्य होते, आणि त्याला कुंपणही होते.

होनावरच्या त्या ताटात लाल मिरची नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ती अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. बटाटा आणि टोमॅटो हेही मूळचे त्याच खंडातले. आज ज्या रश्श्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्याचा तिखटपणा असा सातासमुद्रापलीकडून आलेला आहे. ही मिरची सोवळ्याच्या स्वयंपाकघरातही शिरली. तिला कोणी जात विचारली नाही. माणसाला मात्र विचारली.

म्हणून यात्रेकरू शिधा बांधून निघत आणि धर्मशाळेच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून आपले आपण रांधून खात. काशीपर्यंत जाऊन आलेला माणूस वाटेतल्या दहा मुलखांची चव न घेता परत येई. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद हा याला ठळक अपवाद. तो घेताना जातीभेद पाळायचा नाही असा तेथला जुना संकेत आहे; पण मंदिराच्या दारावर बंधने होतीच. त्या रांधणीत आजही बटाटा, टोमॅटो चालत नाहीत. एवढ्यापुरते ते ताट इब्न बतूताच्या काळचे राहिले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी धावली आणि नाना जातींची माणसे एका बाकावर आली. तरी स्थानकांवर हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे वेगळे. मुंबईत परमहंस सभेचे सभासद १८४९ पासून गुप्तपणे एकत्र बसून खात होते. त्यांना ते उघडपणे करता आले नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा दिला गेला, तर त्यावरून शहरात ग्रामण्य माजले. रानडे, टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात आली आणि एका पेल्याचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. व्याख्यान ऐकावयास जाणाऱ्यांनी हे विसरू नये!

पण चहा घेतल्याचे प्रायश्चित्त सांगितले जाणे वेगळे, आणि पाणीच न मिळणे वेगळे. १९०१ मध्ये बालवयातील भीमराव आंबेडकर भाऊ व भाच्यांसह सातारहून वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळली, आणि दुप्पट भाडे कबूल करूनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. जवळ खाण्याचा डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी कोणी देईना. मुले उपाशी झोपली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने जिचा मसुदा केला, ती राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांत खाणावळीचा उल्लेख कशाला, असे एखाद्याला वाटेल. मसूरची ती रात्र आठवली की उत्तर मिळते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अशी मनाई करणे हा गुन्हा ठरला.

तेव्हा परगावी पानावर बसाल तेव्हा पदार्थाची जरूर तारीफ करा. आचाऱ्याची चौकशी करा, चूल पाहून या. त्याबरोबर आणखी एक विचारा: या गावातल्या कोणत्या वस्तीत आपण जेवायला गेलोच नाही, आणि का? चवीच्या शोधातही पंक्तिप्रपंच होत असतो. कायद्याने हॉटेलचे दार उघडले. घरचे दार उघडणे, आणि दुसऱ्याच्या घरी बोलावणे आले तर पाटावर जाऊन बसणे, हे काम कायद्याचे नाही, आपले आहे.