ईमेल परत आले, पण टॅग कुठे गेले? ‘नॉटमच’चे टॅग बॅकअपमधून कसे मिळवायचे

लॅपटॉप बदलला, जुने सगळे मेल नव्या मशीनवर कॉपी केले. एकही मेल हरवला नाही. पण ‘बिलं’, ‘भाडेकरार’, ‘उत्तर द्यायचंय’ असे वर्षानुवर्षं लावलेले टॅग मात्र गायब! ‘नॉटमच’ वापरणाऱ्यांवर ही वेळ सहज येऊ शकते.

असं का होतं?

नॉटमच हे कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. ते मेल आणतही नाही, पाठवतही नाही. आधीच कॉम्प्युटरवर असलेले मेल शोधणं आणि त्यांना टॅग लावणं एवढंच त्याचं काम. मेलच्या फाइलला ते सहसा हात लावत नाही. टॅग वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतात. त्यामुळे मेलचा बॅकअप म्हणजे टॅगचा बॅकअप नव्हे.

टॅगचा बॅकअप कसा घ्यायचा?

टर्मिनलमध्ये ‘नॉटमच डंप’ ही कमांड द्यायची (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची) आणि आउटपुट एका फाइलमध्ये साठवायचं. ही साधी टेक्स्ट फाइल असते. एका ओळीत एक मेल: आधी अधिकचं चिन्ह लावलेले टॅग, मग दोन डॅश, मग त्या मेलचा मेसेज-आयडी. हा आयडी मेलच्याच हेडरमध्ये असतो, म्हणून फोल्डर किंवा मशीन बदललं तरी टॅग योग्य मेलला चिकटतात. डेटाबेस कॉपी करण्यापेक्षा ही फाइल केव्हाही भरवशाची. ती उघडून वाचता येते, हव्या तेवढ्याच ओळी वेगळ्या काढता येतात.

परत आणताना क्रम महत्त्वाचा

आधी ‘नॉटमच न्यू’ चालवून सगळे मेल डेटाबेसमध्ये येऊ द्या. मगच ‘नॉटमच रिस्टोअर’. उलटं केलं तर डेटाबेसमध्ये नसलेल्या मेलच्या ओळी इशारा देऊन वगळल्या जातात.

खरी गोम पुढे आहे. साधं रिस्टोअर बॅकअपमधल्या प्रत्येक मेलचे आत्ताचे टॅग काढून जुने लावतं. ‘अ‍ॅक्युम्युलेट’ हा पर्याय दिला तर आत्ताचे टॅग राहतात, जुने त्यात मिसळतात. दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो, पण नव्या मशीनवर तोच डोकेदुखी ठरतो. कारण ‘न्यू’ने मूळ सेटिंगनुसार प्रत्येक मेलला ‘इनबॉक्स’ टॅग लावलेला असतो आणि अ‍ॅक्युम्युलेट तो काढत नाही. दहा वर्षांपूर्वीचे मेलही इनबॉक्समध्ये येऊन बसतात!

त्यामुळे डेटाबेस कोरा असेल तर साधं रिस्टोअर. मधल्या काळात नवे टॅग लावले असतील तर अ‍ॅक्युम्युलेट. आणि दोन्हींच्या आधी आत्ताच्या स्थितीचा एक डंप, म्हणजे चुकलं तर मागे येता येईल. बॅकअपमध्ये नसलेल्या मेलला रिस्टोअर हात लावत नाही.

डंप घेतलाच नसेल तर?

जुन्या डिस्कवर, साधारणपणे मेलच्या फोल्डरमध्येच, नॉटमचचं लपलेलं फोल्डर असतं. ते शाबूत असेल तर त्या डेटाबेसवरून डंप काढता येतो. शिवाय सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी डेटाबेस अपग्रेड करताना नॉटमच स्वतःच एक डंप काढून ठेवतं. नशीब असेल तर ती फाइल तिथेच सापडेल. थोडी जुनी असेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

जीमेलवाल्यांचं काय?

गूगल टेकआउटमधून मेल उतरवले की लेबलं हरवत नाहीत. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये ‘एक्स-जीमेल-लेबल्स’ अशी एक ओळ असते, त्यात ती लिहिलेली असतात. मात्र टेकआउट अनेक मेल एकाच मोठ्या एमबॉक्स फाइलमध्ये देतं, तर नॉटमचला प्रत्येक मेलची वेगळी फाइल लागते. त्यामुळे आधी ती फाइल फोडावी लागते आणि लेबलांचे टॅग करायला छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते.